क्रियापद येईपर्यंत थांबा

वडिलांना मेंदूचा झटका येऊन सहा महिने झाले, शब्द बरेचसे परत आले, पण बोलणं सपाट आणि तुटक झालंय, त्यामुळं घरच्यांना ते सारखे चिडलेले वाटतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या सासऱ्यांचं हुबेहूब असंच झालं होतं.

ते चिडलेत असं आधीच धरून चालू नका. सौम्य वाचाघातात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा अडखळते तेव्हा, शब्द सापडायला वेळ लागतो आणि माणूस भलत्याच जागी थांबतो. मामंजी म्हणायचे, "गंगावेशीतनं... दूध आणलं." त्या मधल्या जागेत आम्ही सगळे तुटून पडायचो, "भाजी? औषध?" मग बिचाऱ्यांना वाक्य पहिल्यापासून जुळवावं लागायचं, आणि तेव्हा मात्र आवाज खरंच चढायचा.

स्पीच थेरपिस्टबाईंनी आमचे कान उघडले. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. ते येऊन सूर खाली उतरेपर्यंत वाक्य चालूच आहे असं समजायचं. घरात नियमच केला, 'आणलं', 'गेलो' ऐकू येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. नातवालासुद्धा जमलं.

दुसरी अडचण प्रश्नांची. "च्या झाला" हे सांगणं की विचारणं, ते आपण नुसत्या सुरावर ओळखतो. त्यांचा सूर चढत नव्हता, सासूबाईंना वाटायचं चहा पिऊन झाला. मग 'का' लावायची सवय केली: "च्या झाला का?" एवढ्यानं घरातले निम्मे गैरसमज मिटले.

सूर बिघडला की लोक माणसाबद्दलच मत बनवतात. १९४१ मध्ये ऑस्लोत बॉम्बहल्ल्यात डोक्याला जखम झालेल्या एका नॉर्वेजियन बाईचे उच्चार जर्मनांसारखे वाटू लागले. देश जर्मनांच्या ताब्यात, म्हणून दुकानदार तिला माल देईनात. मोनराड-क्रोन या डॉक्टरांनी १९४७ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं.

गाऊन बोलायच्या थेरपीचंही तुम्ही विचारलंय. १९७३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टर-थेरपिस्टांनी मांडलेली ही पद्धत मुख्यतः ज्यांना समजतं पण बोलणं फारच कमी उरलंय अशांसाठी आहे. तुमचे वडील वाक्यं बोलतात, त्यांना गायला लावू नका. आणि आरती न अडखळता म्हणतात म्हणून "मग आत्ताच कसं अडतंय?" असं तर चुकूनही विचारू नका. पाठ असलेलं आपोआप येतं, नवं वाक्य जुळवावं लागतं.

झटक्यानंतर नैराश्यही येऊ शकतं. जेवण, झोप, माणसांत बसणं कमी झालं असेल तर ते डॉक्टरांना वेगळं सांगा. बोलणं एकाएकी आणखी बिघडलं तर मात्र वाट न बघता थेट दवाखाना गाठा.