दोघांनी मिळून पाळलेली गुपितं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘शीतयुद्ध : दोन विचारसरणींचा संघर्ष’ हे शीर्षक आधी काढून टाक. त्यात ट्रूमनपासून गोर्बाचेव्हपर्यंत सगळे मावतील आणि तुझं म्हणून काही उरणार नाही.

दुसरं, पहिल्याच पानावर तू लिहिलंयस की अमेरिका आणि सोव्हिएत संघाचे सैनिक समोरासमोर कधी लढले नाहीत. लढले. कोरियाच्या युद्धात, नोव्हेंबर १९५० पासून, सोव्हिएत वैमानिक मिग-१५ लढाऊ विमानं घेऊन चीन-कोरिया सीमेवरच्या यालू नदीच्या परिसरात अमेरिकी विमानांशी झुंजत होते. अंगावर चिनी गणवेश, विमानांवर परक्या खुणा आणि रेडिओवर रशियन बोलायचं नाही अशी ताकीद. आता ऐन झटापटीत, जिवावर बेतलेलं असताना, कोण पाठ केलेले परके शब्द आठवत बसणार? रशियन बोलणं अमेरिकेच्या कानावर पडलंच. तरी वॉशिंग्टन गप्प बसलं, कारण हे जाहीर झालं असतं तर देशात सूड घेण्याची ओरड उठली असती आणि ती आवरणं कठीण गेलं असतं. मॉस्कोने लपवलं, वॉशिंग्टनने लपवू दिलं. तुझा खरा विषय मला इथे दिसतो.

क्यूबात सोव्हिएत संघाने अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं नेऊन ठेवली, ते प्रकरणही याच नजरेने पाहा. २७ ऑक्टोबर १९६२ ला क्यूबावर अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक मेला. त्याच रात्री अध्यक्ष केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले : तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काही महिन्यांत हलवू, पण हे कुठेही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्यूबातली क्षेपणास्त्रं परत नेण्याची घोषणा केली. जगाला केनेडींचा विजय दिसला. ख्रुश्चेव्ह यांनी ती नामुष्की गिळली, गुपित फोडलं नाही. दोन वर्षांत त्यांची खुर्ची गेली. एप्रिल १९६३ पर्यंत ज्युपिटर निघालीसुद्धा. या सौद्यात क्यूबाच्या कॅस्ट्रोंना कुणी विचारलं नव्हतं, हे मात्र तळटीपेत ढकलू नकोस.

मग विचारसरणी निव्वळ देखावा होती का? तसंही लिहू नकोस. माणसं तिच्यासाठी तुरुंगात गेली, मेली. पण तिने सगळं उलगडत नाही. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या बेटावर उघडउघड एकमेकांवर गोळ्या झाडल्या त्या सोव्हिएत आणि चिनी सैनिकांनी, म्हणजे दोन्ही बाजूंनी साम्यवादीच. आणि तीन वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगमध्ये माओंशी हस्तांदोलन करत होते.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर तोही ऑक्टोबर १९६२ मध्येच आहे. २० तारखेला चीनने आपल्यावर हल्ला केला. क्यूबामुळे अडचणीत आलेल्या मॉस्कोला तेव्हा चीनला दुखवायचं नव्हतं, म्हणून २५ तारखेच्या ‘प्रावदा’ने, म्हणजे सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने, सीमावादावरच्या चिनी प्रस्तावाची बाजू घेतली. क्यूबाचा पेच सुटल्यावर तो सूर पुन्हा मवाळ झाला. यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते याच युद्धाच्या शेवटी. आपल्याकडे ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ एवढंच सांगून लोक थांबतात. तू मॉस्को, वॉशिंग्टन, बीजिंग आणि दिल्ली असे चार रकाने आखून २० ते २८ ऑक्टोबरचा तक्ता कर. एका तारखेला कोण जाहीरपणे काय बोललं आणि आतून काय चाललं होतं, हे वेगवेगळ्या शाईने लिही. नवा आराखडा पाठवशील तेव्हा तो सोबत जोड. शीर्षक नंतर बघू.

— तुझे सर