घरच्या स्कीला काच की कार्बन?

प्रश्न : गुलमर्गसाठी १८० सेंमी लांबीची स्कीची जोडी घरीच करतोय. गाभा बांबूचा, कापड त्यावर चिकटवणारं रेझिन इपॉक्सी. दुकानदार टाक्या-बंपरची चॉप मॅट (काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची चटई) घ्या म्हणतो, मित्र म्हणतात पूर्ण कार्बन फायबरचं कापड लाव. काय घेऊ?
– एक वाचक, वाळूज

उत्तर : चॉप मॅट नकोच. तिचे तुकडे कसेही विखुरलेले असतात. स्कीला ताकद लागते ती लांबीत आणि पिळाविरुद्ध. शिवाय बहुतेक मॅटमधला चिकटा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो, इपॉक्सीत नाही. मॅट कडक राहते, आत हवा अडकते.

ई-ग्लासचं (नेहमीच्या काचधाग्याचं) ट्रायअ‍ॅक्सियल, म्हणजे तीन दिशांच्या धाग्यांचं कापड मागा, ७५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. त्यातले शून्य अंशाचे धागे वाकणं सांभाळतात, ४५ अंशांचे तिरपे धागे पीळ. कापताना शून्याचे धागे स्कीच्या लांबीतच यायला हवेत, नाहीतर महाग कापड वाया. गाभ्याच्या वर एक थर, खाली एक. १९० × १५ सेंमीच्या चार पट्ट्या म्हणजे साधारण ८५० ग्रॅम काच. गाभा पितो आणि ट्रेला चिकटतं ते धरून हार्डनरसह (रेझिन घट्ट करणारा घटक) सव्वा किलो रेझिन ठेवा.

कार्बनचा ताठपणा काचेच्या तिप्पट, पण ताण सोसून लांबण्याची क्षमता निम्म्याहून कमी. दगडावर आपटली की काच बरंच सहन करते, कार्बन तटकन तुटतो. हवाच असेल तर एकाच दिशेच्या धाग्यांची ४ सेंमी पट्टी मधोमध, वर आणि खाली सारखी. पोलादी कडांना ती टेकू देऊ नका. कार्बन वीजवाहक असल्याने ओलाव्यात कडा लवकर गंजतात. चौकटीच्या विणीचं कार्बन दिसायला झकास, बस्स. आणि स्की मऊ होईल अशी धास्ती असेल तर पायाखालचा गाभा १० ऐवजी ११ मिमी करा. वीसेक टक्के ताठपणा वाढतो, तोही जवळपास फुकट.

खरी अडचण आपल्याकडच्या उन्हाची. तापमान १० अंशांनी चढलं की रेझिन वापरायला मिळणारा वेळ निम्म्यावर येतो. हार्डनर संथ घ्या, काम पहाटे उरका, एका वेळी ३०० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेत ओता. खोल डब्यात ठेवलं तर ते तापून धुरावतं.

प्रश्न : काचेऐवजी अंबाडीचं कापड चालेल?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ऐवजी नाही. काचेच्या जोडीला, वरच्या बाजूस एक थर चालेल. कंपन थोडं शमतं, पण भरड विणीमुळे रेझिन आणि वजन दोन्ही वाढतं. कापड उन्हात कडक वाळवून लगेच भिजवा, नाहीतर धाग्यातला ओलावा पकड बिघडवतो.