जीनोम-डेटाच्या टूलसाठी निधी मागताना

टूल बनवायला पैसे मागताना कुणी लाजत नाही; ते पाच वर्षं चालू ठेवायला मागताना मात्र सगळ्यांची जीभ अडखळते. तुझ्या प्रस्तावाच्या बजेटमध्ये तेच दिसलं: दोन प्रोग्रामर, एक सर्व्हर, पुढे शून्य. अरे, एका माणसाच्या पूर्ण जीनोमचा, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा, कच्चा डेटा १०० जीबीच्या आसपास जातो. हजार नमुने म्हणजे १०० टीबी, बॅकअप धरला की दुप्पट. साठवण, वीज, सुरक्षा-तपासणी, सगळं आवर्ती खर्चात दरवर्षी दाखव. माझ्या पहिल्या प्रस्तावात हे राहिलं होतं. तिसऱ्या वर्षी हार्ड डिस्का कपाटात रचून बसलो होतो.

नवं पोर्टल बांधायचा मोह आवर. जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पाचा १०,००० भारतीयांच्या जीनोमांचा डेटा फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहेच. जीए४जीएच या जीनोम-डेटा वाटून घेण्याचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संघटनेची मानकंही फुकट मिळतात: फाइल कूटबद्ध ठेवायला क्रिप्ट४जीएच, 'अमुक जनुकीय बदल तुमच्याकडे आहे का?' एवढंच विचारायला बीकन. तुझं टूल तू या सगळ्यांना जोडून घेतोयस असं लिही, परीक्षकांना पटतं.

आणि 'नावं काढल्यामुळे डेटा सुरक्षित' हे वाक्य आधी खोड. एखाद्याचा डीएनए हाती असेल तर गटाच्या नुसत्या एकत्रित आकडेवारीवरूनही तो माणूस त्या गटात होता का हे ताडता येतं, हे २००८ मध्येच दाखवून झालंय. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने तशी आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवणं थांबवलं होतं. कुणी काय पाहिलं याची नोंद आणि डेटा-मागणी तपासणाऱ्या माणसाचा पगार, दोन्ही बजेटात हवेत.

बजेटचा तक्ता दुरुस्त करून पाठव. मजकुराचं नंतर बघू.