सॅंटोरिनीत फिरा ते इया: बस, गाडी की पायी?

प्रश्न असा आहे: ग्रीसच्या सॅंटोरिनी बेटावर सप्टेंबरच्या मध्यात तीन रात्री फिरा या मुख्य गावात मुक्काम, चौथ्या दिवशी हॉटेल बदलून उत्तर टोकाच्या इया गावात. सोबत सत्तरीचे आई-वडील. त्याआधी एका संध्याकाळी सूर्यास्त बघायला इयाला जाऊन यायचंय. गाडी भाड्याने घ्यावी का?

नका घेऊ. अंतर जेमतेम ११ किलोमीटर आणि बस थेट आहे. इयाच्या गल्ल्यांत गाडी शिरतच नाही आणि संध्याकाळी बाहेर पार्किंगला जागा मिळवणं हा वेगळाच उद्योग. शिवाय भारतीय लायसन्सवर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्यापूर्वी आरटीओतूनच काढावा लागतो आणि तिकडे गाडी उजवीकडून चालवायची. क्वाड बाईकचा (चार चाकांची उघडी मोटारसायकल) तर आई-वडिलांसोबत विचारही नको.

आधी नावं. रोमन पाटीवर ओ-आय-ए दिसतं म्हणून आपली मंडळी ‘ओइया’ म्हणतात, पण उच्चार ‘ईया’. फिरा मात्र फिराच, आणि बेटावरच्या सगळ्या बसही तिथूनच फिरतात. स्टँड मुख्य चौकाच्या जरा दक्षिणेला, टॅक्सीच्या थांब्याजवळ आहे. विमानतळ, बंदर, कामारी, पेरिसा, आक्रोतिरी, कुठूनही इयाला जायचं तर फिराला उतरून बस बदलायची.

प्रकार आपल्या एसटीसारखाच: बसा, मग कंडक्टर येऊन पैसे घेतो. तिकीट साधारण दोन युरो, सुट्टे जवळ ठेवा. एरवी प्रवास अर्ध्या तासाच्या आतबाहेर. जाताना डावीकडे बसा, कॅल्डेरा (ज्वालामुखी खचून झालेला, समुद्राने भरलेला प्रचंड खळगा) त्या बाजूला आहे. बस फिराच्या स्टँडवरच पकडा. पुढे वाटेतल्या फिरोस्तेफानी किंवा इमेरोविग्ली गावाच्या थांब्यावर उभे राहिलात तर भरलेली बस न थांबता जाते.

जाणं अवघड नाही, अडचण परतीची आहे. सूर्य बुडाला की इयाच्या जुन्या किल्ल्याच्या पडक्या बुरुजावरची सगळी गर्दी एकाच वेळी त्या एका थांब्याकडे सुटते. रांग नावापुरती, दोन-तीन बस भरून जातात आणि आपण तिथेच. टॅक्स्या बेटावर मोजक्याच, त्या वेळी रिकामी मिळत नाही. म्हणून चारच्या सुमारास निघा. सप्टेंबरच्या मध्यात सूर्यास्त साडेसातच्या आसपास असतो, सहापर्यंत किल्ल्याजवळ जागा धरा. नंतर थांब्याकडे धावू नका, दीडेक तास निवांत जेवा, मग निघा. शेवटच्या बसची वेळ महिन्यागणिक बदलते, म्हणून निघतानाच फिराच्या स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

थांब्यापासून किल्ला दहा-पंधरा मिनिटं. मुख्य गल्लीला संगमरवरी फरशी आहे, झिजून गुळगुळीत झालेली. आई-वडिलांच्या पायात रबरी तळाचे बूट हवेत. खालच्या अम्मूदी बंदराकडे त्यांना नेऊ नका: दोनशेहून जास्त पायऱ्या, त्यावर गाढवांची लीद, आणि तेवढंच परत चढायचं.

खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी इयाचा सूर्यास्त सोडून द्यावा असं माझं मत. इयाला सकाळी नऊच्या आत जा, गल्ल्या रिकाम्या असतात. संध्याकाळी फिराहून दहा-पंधरा मिनिटं रमतगमत फिरोस्तेफानीपर्यंत चाला. सूर्य तिथूनही दिसतो, आणि परतायला बस लागत नाही.

तुम्हाला स्वतःला चालायचं असेल तर फिरा–इया पायवाट सुमारे १० किलोमीटर, तीन ते चार तास. इमेरोविग्लीपर्यंत फरसबंदी आणि चढ, पुढे डोंगरधार. तिथे काळ्या-तांबड्या खडीचा घसारा आहे, उतारावर चप्पल हमखास सटकते. झाड नाही, सावली नाही, इमेरोविग्लीनंतर पाण्याची खात्री नाही. माणशी दीड लिटर पाणी घ्या, सकाळी सातपर्यंत निघा. फिराहून इयाकडेच चाला, येताना बसने या. दुपारच्या उन्हात उलट चालत येण्यात काही मजा नाही.

हॉटेल बदलण्याच्या दिवशी बॅगा बसच्या पोटात जातात, त्याची चिंता नाही. चिंता थांब्यापासून पुढची. इयाच्या हॉटेलला आधीच दोन गोष्टी लिहून विचारा: गाडी कुठपर्यंत येते, आणि तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत. ‘जवळच आहे’ हे उत्तर धरू नका, आकडा मागा. ऐंशी पायऱ्या खाली, हातात ट्रॉली, सोबत आई, असं होऊ शकतं. बरीच हॉटेलं बॅगा उचलायला माणूस पाठवतात, पण वेळ आधी कळवावी लागते. त्या एका दिवसासाठी हॉटेलकडून गाडी ठरवलीत तर पैसे सत्कारणी लागतील.

आणि इयाहून पुढे बोट पकडायची असेल तर ती फिराखालच्या जुन्या धक्क्यावरून नाही, अथिनियोस बंदरातून सुटते. इयाहून तिथे थेट बस नाही. फिराला बदला आणि हातात किमान दोन तास ठेवा. बंदराकडे उतरणारा रस्ता नागमोडी आहे, बोट लागली की खाली-वर दोन्हीकडून तुंबतो.