देव नाही असं वाटायला लागल्यावर चांगलं का वागायचं?

तुम्ही लिहिलंय की देवावरचा विश्वास हळूहळू सुटत गेला आणि आता दोन प्रश्न पाठ सोडत नाहीत. वर बसून पाहणारं कोणी नसेल तर चांगलं का वागायचं? आणि सगळं मरणापाशीच संपणार असेल तर जगायचं तरी कशासाठी? शेवटी, आईला हे सांगावं का, असंही विचारलंय. या वाटेवरून मी गेलोय, म्हणून लिहितो.

पहिला प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिस विचारतो की पवित्र गोष्ट देवांना आवडते म्हणून पवित्र ठरते, की ती मुळातच पवित्र असते म्हणून देवांना आवडते? स्वतः सॉक्रेटिसवर तेव्हा नगराच्या देवांना न मानल्याचा खटला भरलेला होता. देवाच्या आवडीमुळेच एखादी गोष्ट चांगली होत असेल, तर उद्या त्याला क्रौर्य आवडलं तर तेही चांगलं म्हणावं लागेल. हे तर श्रद्धाळू माणसालाही पटत नाही. म्हणजे चांगलं काय ते ओळखायचं काम आपण सगळे आधीपासूनच करत आलोय. आपल्याकडेही जैन आणि बौद्ध परंपरांनी जग निर्माण करणारा ईश्वर न मानता अहिंसेचा केवढा बारीक विचार केला. वेदांना प्रमाण मानणारं पूर्वमीमांसा हे दर्शन तर धर्म म्हणजे काय याचीच चर्चा करतं आणि तरी सृष्टिकर्त्या ईश्वरावाचून त्याचं अडत नाही.

पण हे युक्तिवाद मला पुरले नव्हते, तुम्हालाही बहुधा पुरणार नाहीत. श्रद्धा गेल्यावर खरंच काय बदललं ते मला माफीच्या बाबतीत कळलं.

वडील आजारी होते तेव्हा धाकट्या भावाने माझ्यापेक्षा कितीतरी जास्त रात्री जागून काढल्या. वडील गेल्यावर नातेवाइकांनी कौतुक केलं ते माझं. 'थोरल्याने सगळं निभावलं' असं ते म्हणत राहिले, भाऊ तिथेच बसलेला होता आणि मी गप्प राहिलो. ते गप्प बसणं मला खात होतं. रात्री देवापुढे हात जोडायचो, चुकलो म्हणायचो, आणि मन हलकं व्हायचं. इतकं हलकं, की भावाकडे जायची गरजच वाटायची नाही.

पुढे विश्वास गेला आणि ही सोय संपली. माफी मागायला आता एकच माणूस उरला होता, आणि तो शेजारच्या खोलीत झोपत होता. तरी त्याच्यापुढे तोंड उघडायला मला बरेच महिने लागले. ऐकून तो म्हणाला, "मला माहीत होतं." मग थोड्या वेळाने, "आत्ता का सांगतोयस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने माफ केलं असं म्हटलं नाही, आजवर म्हटलेलं नाही. नंतर मी त्याच नातेवाइकांसमोर खरं काय ते बोललो. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. भावाच्या होतं.

यात मी देवाला दोष देत नाही, पळवाट माझीच होती. खरी श्रद्धा असलेली माणसं आधी त्या माणसाकडेच जातात. यहुदी धर्मपरंपरा तर स्पष्टच सांगते की माणसाने माणसाचा केलेला अपराध, ज्याचा केला त्याचं समाधान केल्याशिवाय, वर्षातून एकदा पाळल्या जाणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवशीही फिटत नाही. मला सांगायचंय ते एवढंच की चांगलं वागण्याचं कारण माझ्यासाठी तेव्हाही भाऊच होता आणि आजही भाऊच आहे. त्याला दुखतं, हे खरं ठरायला पाहणारा कोणी लागत नाही.

काही गोष्टी मात्र खरंच गमावल्या, ते लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला आणि जे तसेच मेले, त्यांना कुठेतरी न्याय मिळेल ही आशा गेली. याला पर्याय मला सापडलेला नाही.

जगायचं कशासाठी, यावर मी भगतसिंगांकडे वळतो. 'मी नास्तिक का आहे' हा लेख त्यांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिला, तेव्हा खटल्याचा निकाल काही दिवसांवर आला होता, तो काय असणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि वय होतं २३. श्रद्धाळू माणसाला पुनर्जन्माची किंवा स्वर्गाची आशा असते, मला मात्र फास गळ्यात पडेल तो क्षण शेवटचा, हे ते स्वच्छ मांडतात. विश्वासाने दुःख सोसायला बळ मिळतं, हेही नाकारत नाहीत. आणि तरी आपण जगलो ते वाया गेलं असं त्यांना वाटत नाही, कारण ज्यासाठी जगले ते त्यांच्या मरणाबरोबर संपणार नव्हतं. तुमच्या-माझ्या आयुष्यात एवढं मोठं काही नसेल. पण वडिलांजवळ भावाने जागवलेल्या रात्री घ्या. वडील गेले, म्हणून त्या रात्री निरर्थक झाल्या असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. त्यांचा अर्थ त्या रात्रींतच होता.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगतो. झोप उडाली असेल, जगूच नये असं वाटत असेल, तर तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न समजू नका. जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा, आणि ते आधी करा.

आता आईचं. मी माझ्या आईला तीन वर्षं सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा ती दोन दिवस फारशी बोलली नाही. आजही ती माझ्यासाठी प्रार्थना करते आणि करू नकोस असं मी कधी म्हटलेलं नाही. तुमची आई काय म्हणेल ते तुम्हालाच जास्त ठाऊक. सांगायचं ठरवलंत तर वाद जिंकायला जाऊ नका, आणि ती दमलेली असेल त्या दिवशी तर विषयच काढू नका.