रेगेमध्ये पहिली मात्रा रिकामी का वाटते? ड्रमवर वन ड्रॉप कसा वाजवायचा?

वाटते असं नाही, वन ड्रॉप या रेगेच्या ठेक्यात चारपैकी पहिली मात्रा खरोखरच रिकामी असते: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम) दोन्ही एकदम तिसऱ्या मात्रेवर पडतात. आपल्या कानाला समेवर जोर ऐकायची सवय, म्हणून सुरुवातीला तोल गेल्यासारखं होतं. जमैकात 1966च्या सुमारास स्का या जलद नाचाच्या संगीताची लय उतरून रॉकस्टेडी हा संथ प्रकार आला, तिथे हा ठेका रुळला. पुढे बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट याने तो जगभर पोहोचवला. लय संथ झाल्यावर बेसला जागा मिळाली, आणि रेगेत खरी चाल बेसच सांगतो.

वाजवताना मिनिटाला 140-150 मात्रा धरा.
- हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी): प्रत्येक मात्रेचे दोन भाग, किंचित झुलते.
- तिसरी मात्रा: किक आणि स्नेअरच्या कडेवर आडवी काठी, एकाच क्षणी. किंचितही मागेपुढे झालं की दोन ठोके ऐकू येतात आणि सगळी मजा जाते.
- गिटार: दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तुटक कॉर्ड, वाजताच डाव्या हाताची बोटं सैल करा, तार सोडू मात्र नका.

नवशिके हमखास सवयीने पहिल्या मात्रेवर किक मारतात, मग ते साधं पॉप होतं.

मात्र सगळंच रेगे वन ड्रॉप नसतं. स्टेपर्स या रेगेच्या दुसऱ्या ठेक्यात किक चारही मात्रांवर असते. शिवाय काही जण निम्म्या लयीत (मिनिटाला 70-75) मोजतात. त्यांच्या हिशेबाने हाच ठोका दुसऱ्या-चौथ्यावर येतो.