काळ्या मातीत वाळू मिसळू का?

प्रश्न : अंगणातली काळी माती पावसाळ्यात बुटांना चिकटते, उन्हाळ्यात बोटं जातील एवढ्या भेगा पडतात. वाळू मिसळू का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : नको हो! थोड्या वाळूनं ही माती विटेसारखी घट्ट होते. कोथरूडला मी त्यातच एक मोगरा गमावला. आधी वापसा येऊ द्या, म्हणजे माती खणण्याजोगी सुकू द्या. मूठभर माती दाबून गोळा करा, बोटानं टोचा. भुगा झाला तर खणा, नुसताच खड्डा पडला तर थांबा. ओल्यात खणलेली ढेकळं दगड होतात. मग चार बोटं जाड कुजलेलं शेणखत वीतभर खोल मिसळा, वर पालापाचोळा पसरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायट्यांत पानांचे ढीग लागतात. ते जाळू देऊ नका, पोती भरून आणा. हे दरवर्षी करायचं. माझ्याकडे तिसऱ्या पावसाळ्यात ढेकळाखाली गांडुळं दिसली.